दारावरची खूण आणि तिच्यावरचा रंग

पोस्ट लांब आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा, नाहीतर मुलं झोपल्यावर वाचा.

२०२४ साली हाफ टर्म आणि दिवाळी एकाच आठवड्यात आली, म्हणून आम्ही लेकीला घेऊन इंग्लंडहून गावी गेलो. घर आजोबा-पणजोबांच्या वेळचं. दोन फळ्यांचं सागवानी दार, वर गणेशपट्टी, खाली झिजलेला उंबरठा. दाराला हिरवा ऑइलपेंट, तोही कधीचा दिलेला. उजव्या फळीवर छातीएवढ्या उंचीला एक चौकोन होता. रंग तिथं जरा उजळ, आणि चारही कोपऱ्यांत डिंकाचे पिवळे डाग, त्यात अडकलेले कागदाचे कपटे.

लेकीनं बोट ठेवून विचारलं, "आजोबा, इथे काय होतं?"

बाबा म्हणाले, "काही नाही गं, कागद होता एक."

आई आतून म्हणाली, "सांगा की तिला. कोविडचा कागद होता."

त्यावर लेक चटकन म्हणाली, "म्हणजे लंडनच्या लाल क्रॉससारखा?"

तुमच्यातले जे इंग्लंडात आहेत त्यांना माहीत असेल, इथे सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेत १६६६ ची लंडनची आग शिकवतात, आणि तिच्याबरोबर आदल्या वर्षीचा प्लेगही येतो. पुठ्ठ्याची घरं करायची, दारावर लाल क्रॉस काढायचा. आमच्याही घरी ते प्रोजेक्ट झालं होतं. पण पुठ्ठ्याच्या घरावरचा क्रॉस आणि आजोबांच्या दारावरचा डाग यांची सांगड ती घालेल असं मला वाटलं नव्हतं. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र म्हणाले, "दिवाळीच्या आत दाराला रंग काढून घेऊ."

साडेतीन वर्षं जे दार त्यांनी कुणाला हात लावू दिलं नव्हतं, ते.

त्या आठवड्यात मी थोडं वाचलं, थोडं आईबाबांना विचारलं. लेकीला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं, कारण हा इतिहास आपल्या मुलांना शाळेत अर्धाच शिकवतात.

आधी लंडनचंच बघू. १६६५ साली प्लेग सापडलेलं घर बंद करत, आतल्या माणसांसकट. दाराच्या मधोमध फूटभर लांबीचा लाल क्रॉस, आणि "देवा, आमच्यावर दया कर" अशा अर्थाचे शब्द. सॅम्युअल पेप्सनं ७ जून १६६५ च्या रोजनिशीत ड्रुरी लेनमध्ये अशी दोन-तीन घरं दिसल्याचं लिहून ठेवलंय. बाहेर पहारेकरी, आणि चाळीस दिवस कुणी बाहेर यायचं नाही. इथपर्यंत मुलं शाळेत शिकतात.

पुढचा भाग शाळेत येत नाही. १६६६ च्या सरकारी हुकमात घर पुन्हा उघडायची रीतसुद्धा दिलेली आहे. चाळीस दिवस झाले की लाल क्रॉसच्या जागी पांढरा क्रॉस लावायचा. तो आणखी वीस दिवस राहणार. तेवढ्यात घराला धुरी द्यायची, घर धुवायचं आणि आतून सगळीकडे चुना काढायचा. त्यानंतरच परक्या माणसाला तिथं राहायला घ्यायचं. म्हणजे आजार संपला हे सांगायलासुद्धा एक खूण होती, आणि तिच्यापाठोपाठ रंगकाम होतं.

आता आपल्याकडे येऊ. सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात, बंदराजवळच्या दाट वस्तीत, डॉ. अकासिओ व्हिएगस यांना काही रुग्णांत ताप आणि जांघेत, काखेत गाठी दिसल्या. हा गाठीचा प्लेग आहे हे त्यांनी ओळखलं आणि जाहीरपणे सांगितलं. हे डॉक्टर मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. धोबी तलावाला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. आपण त्याच्या शेजारून कितीदा गेलो असू, कुणाचा आहे हे मात्र बघितलेलं नसतं.

मराठीत तेव्हा या रोगाला 'ग्रंथिक सन्निपात' म्हणत. लोकांच्या तोंडी 'गाठीचा ताप'. पुढच्या काही महिन्यांत मुंबईतली निम्म्याच्या आसपास माणसं शहर सोडून गेली. कोकणात, देशावर, जिथं गाव होतं तिथं. आणि जाताना काहींच्या बरोबर रोगही गेला.

पालिकेनं आणि सरकारनं मग घरं धरली. गटारांत कार्बॉलिक मिसळलेलं समुद्राचं पाणी सोडलं. अंधाऱ्या खोल्यांत ऊन यावं म्हणून छपराची कौलं काढली, जमिनी उकरल्या, रुग्णाचे कपडे-अंथरुणं जाळली. भिंतींना चुना फासला. आणि दारांवर, भिंतींवर खुणा केल्या. प्लेगचा रुग्ण सापडला की घरावर एक गोल, त्यात तारीख. त्या काळच्या फोटोंत एकाच दाराशेजारी असे कितीतरी गोल एकाखाली एक दिसतात. काही घरांवर 'यू. एच. एच.' ही अक्षरं रंगवत. 'माणसांनी राहायला अयोग्य' या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं. घरमालकाला इंग्रजी येवो न येवो, त्याच्या दारावर परक्या लिपीत हे लिहून जात.

तुमच्या घरासमोर कुणी असं लिहून गेलं तर? घरातली बाई पाण्याला निघताना तेच बघणार, शेजारी तेच बघणार, मुलीला बघायला येणारे पाहुणेसुद्धा तेच बघणार.

ब्रश आणि चुना घेऊन आलेल्या माणसांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. रोग भयंकर होता. हिंदुस्थानात तो पुढची वीस-पंचवीस वर्षं राहिला आणि त्यानं एक कोटीहून अधिक माणसं नेली. काहीतरी करणं भाग होतं. पण रोग पसरतो कसा हेच तेव्हा ठाऊक नव्हतं. घाणीतून, दमटपणातून, कोंदट हवेतून पसरतो असं बहुतेकांना वाटे. म्हणून सगळा भर भिंती, जमिनी आणि गटारांवर.

खरा वाटसरू होता उंदीर, आणि त्याच्या अंगावरची पिसू. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ साली कराचीत प्रयोग करून ते दाखवलं. लगेच कुणी मानलं नाही. पुढच्या दशकात मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या कामानं ते पक्कं झालं. गंमत अशी की आपल्या गावातल्या माणसांनी अनुभवानं अर्धी गोष्ट ओळखलेली होती. "घरात उंदीर पडायला लागले की घर सोडायचं." उंदीर मेलेले दिसले की लोक गावाबाहेर माळावर झोपड्या बांधून राहत. आमच्याही आजीच्या तोंडी हे वाक्य होतं, तिनं ते तिच्या सासूकडून ऐकलेलं. पिसू कुणाला माहीत नव्हती, पण उंदरांपासून लांब जायचं एवढं माहीत होतं आणि त्यानं माणसं वाचली.

मग चुन्याचा काही उपयोग होता का? ताजा चुना अत्यंत क्षारधर्मी असतो, त्याचा पीएच बाराच्या वर जातो, आणि त्यात बरेच जंतू टिकत नाहीत. त्यामुळे चुना काढणं अगदीच वेडेपणा नव्हता. पण भिंतीला चुना काढून भिंतीमागचा उंदीर जात नाही. जमिनी उकरल्यावर तो शेजारच्या घरात जातो, एवढंच.

आता पुणे. इथला भाग आपल्यापैकी बहुतेकांना शाळेतून माहीत आहे, निदान २२ जून १८९७ ही तारीख तरी. त्यावर त्याच नावाचा १९७९ सालचा मराठी सिनेमाही आहे. साथीच्या रोगांचा कायदा फेब्रुवारी १८९७ मध्ये आला. घरात शिरायचा, माणसं तपासायची, त्यांना हलवायचा अधिकार सरकारला मिळाला. पुण्यात प्लेगच्या कामावर वॉल्टर रँड हे अधिकारी आले आणि मार्च ते मे या काळात घरझडतीसाठी सैनिक वापरले गेले. सैनिक घरात शिरायचे, बायकामाणसांची तपासणी व्हायची, देवघर-स्वयंपाकघर कशाचीच पत्रास नाही. रुग्णाला इस्पितळात नेत, आणि बरोबर राहणाऱ्यांना स्वारगेटच्या छावणीत. माघारी सामान विस्कटलेलं, कधी जाळलेलं. २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्टही त्या रात्री मारला गेला.

एवढं सांगून आपण थांबतो. पण त्याच मार्च महिन्यातली आणखी एक गोष्ट मुलांना सांगायलाच हवी. सावित्रीबाई फुल्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर, हडपसरकडच्या सासाणे मळ्यात, प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाला. सावित्रीबाईंनी त्या मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्यात त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

लेकीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पण त्यांना भीती नाही वाटली?" मी म्हटलं, "वाटली असणार की. तरी आत गेल्या." रोग्याच्या दारातून आत जाणारे सैनिकही होते आणि सावित्रीबाईही. दार तेच. आत जाऊन कोण काय करतं यावर सगळं होतं.

याच वर्षातली तिसरी गोष्ट परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटची. वाल्डेमार हाफकिन हे ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ. इस्रायलमधल्या मंडळींनो, ही गोष्ट तुमच्या मुलांना दोन्ही बाजूंनी आपली वाटेल. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात एका लहानशा खोलीत त्यांनी काम सुरू केलं, आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली लस स्वतःलाच टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात, तयार झालेल्या कैद्यांवर चाचणी झाली. लसीनं धोका पूर्ण जात नव्हता, पण बराच कमी होत होता. लोक घाबरायचे. तेव्हा तरुण आगाखानांनी आपल्या लोकांसमोर लस टोचून घेतली, जागाही दिली. "मी आधी घेतो, मग तुम्ही घ्या" असं कुणीतरी सांगितल्यावर माणसं पुढं आली. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन यांचं नाव दिलं गेलं.

सक्तीशिवाय साथ आवरत नाही हे खरं असेलही. पण ज्या घराला विचारलं गेलं ते घर दार उघडतं, आणि ज्या घरावर न विचारता गोल काढला ते पुढच्या खेपेला रुग्ण माळ्यावर लपवतं. मुंबई-पुण्यात तसंच झालं, रुग्ण लपवले गेले. २९ ऑक्टोबर १८९६ ला तर गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला होता.

आपल्याकडे दारावर खूण करायची रीत इंग्रजांनीच आणली असं मात्र नाही. घरात 'देवी आल्या' की दाराला कडुलिंबाच्या डहाळ्या लावत. हे चालीरीत म्हणून आपण ऐकतो. घरात फोडणी द्यायची नाही, रोग्याच्या अंगावरून कडुलिंबाचा पाला फिरवायचा, मोठ्यानं बोलायचं नाही. बाहेरच्याला ती डहाळी बघून कळायचं की आत लेकरू आजारी आहे, आत्ता जाऊ नये. कागदानं आणि गोलानं जे काम व्हायचं तेच. पण ती डहाळी घरच्या बाईनं स्वतः बांधलेली असे. बरं वाटलं की ती स्वतःच काढी, उंबरठा धुई, अंगण सारवी. त्यात कुणी अपराधी नसे. (देवीवरचा खरा उपाय अर्थात लस. हिंदुस्थानातली पहिली देवीची लस १४ जून १८०२ रोजी मुंबईतच, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. कडुलिंबानं देवी बऱ्या होत नाहीत, हे मुलांना स्पष्ट सांगा.)

आणि एक खूण तर आपल्यापैकी बऱ्याच जणांनी स्वतः पाहिली आहे. १९९५ पासून पल्स पोलिओ सुरू झालं. "दो बूंद" आठवतंय ना? बूथनंतर कार्यकर्त्या घरोघरी यायच्या आणि दाराशेजारी खडूनं तारीख घालून 'पी' किंवा 'एक्स' लिहून जायच्या. 'पी' म्हणजे या घरातल्या सगळ्या लहान मुलांना डोस मिळाला. 'एक्स' म्हणजे कुणीतरी राहिलंय, किंवा घर बंद होतं. 'एक्स' असलेल्या घरी पथक परत जायचं. पुन्हा परत जायचं. भारतातला शेवटचा पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्यातली एक लहान मुलगी. २७ मार्च २०१४ ला आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

१८९७ चा गोल सांगत होता, "इथे येऊ नका." खडूचा 'एक्स' सांगत होता, "इथे परत या." दोन्ही खुणा सरकारीच. पण खडूची खूण पुसायला कुणाला रंगारी बोलवावा लागला नाही, पावसात गेली.

आता आमच्या दाराकडे येते.

मार्च २०२० मध्ये परदेशातून महाराष्ट्रात उतरणाऱ्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारायला सुरुवात झाली होती, आठवत असेल. आपल्यापैकी काहींच्या हातावरही तो होता. दारावर कागद चिकटवायचं तेव्हाच सुरू झालं. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सक्षम अधिकाऱ्यानं कायद्याखाली तसा खास आदेश दिल्याशिवाय रुग्णाच्या घराबाहेर असे कागद लावू नयेत. आमच्या दारावरचा कागद त्यानंतरचा, एप्रिल २०२१ चा. तसा आदेश होता की नव्हता, कुणी विचारलं नाही. विचारायला घरात कोण होतं? बाबा तीन आठवडे ऑक्सिजनवर. आई एकटी आत, तिलाही लागण. आणि मी इथे. २३ एप्रिलला ब्रिटननं भारताला रेड लिस्टमध्ये टाकलं. माझं तिकीट, घरातलं लहान मूल, नवऱ्याची नोकरी, सगळं मांडून झालं आणि मी गेले नाही. तुमच्यातल्या कित्येकांनी ते दिवस असेच काढलेत, तुम्हाला जास्त सांगायला नको.

आई त्या कागदाबद्दल एवढंच सांगते, की तो लागल्यावर दूधवाला यायचा बंद झाला. समोरच्यांनी खिडकी लावून घेतली. शेजारच्या काकू मात्र रोज परसदारानं यायच्या. दगडावर डबा ठेवायच्या आणि लांब उभ्या राहून, "वहिनी, जेवलात का?" विचारायच्या. चौदा दिवस. पुढच्या दारावर कागद, मागच्या दारी डबा.

बाबा बरे होऊन आले. कागद कुणीतरी फाडला, डाग राहिला. घराला एकदा रंग झाला तेव्हा बाबा रंगाऱ्याला म्हणाले, "दार राहू दे." का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मला वाटायचं त्यांना राग आहे. या दिवाळीत आईनं सांगितलं की राग नव्हता. घरी आल्यावर ते तिला म्हणाले होते, "पोरगी येऊन बघून जाऊ दे, मग रंगवू." आणि मी येऊन-जाऊन असताना तीन वर्षांत एकदाही त्या चौकोनाबद्दल काही विचारलं नव्हतं. विचारलं ते लेकीनं.

तर आम्ही दार रंगवलं. इथं एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट सांगते, कारण सुट्टीत आजोळचं जुनं घर, जुनं दार आणि मुलांच्या हातात पॉलिश पेपर हा मोह आपल्या सगळ्यांनाच होतो.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. पिवळ्या, लाल, शेंदरी, हिरव्या रंगांत विशेष. आपला पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचंच संयुग. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएम करणारे नियम २०१६ चे, आणि ते लागू झाले नोव्हेंबर २०१७ पासून. अमेरिकेत घरांसाठी शिशाच्या रंगांवर बंदी १९७८ साली आली. म्हणजे त्याआधीचा रंग, मग तो साताऱ्याचा असो की न्यू जर्सीतल्या जुन्या घराचा, शिशाचा असू शकतो असंच धरून चाला. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो, आणि मुलांसाठी अमुक इतकं शिसं सुरक्षित अशी पातळीच नाही. म्हणून:

जुना रंग कोरडा घासायचा नाही, दिव्यानं जाळायचा तर मुळीच नाही. पाणी मारून ओल्या पेपरनं घासा. खाली प्लास्टिक अंथरा, निघालेला गाळ त्यातच गुंडाळून टाका. झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. काम करणाऱ्यानं मास्क लावायचा, कपडे वेगळे धुवायचे. मुलं, गरोदर बायका आणि बाबांसारखी फुप्फुसं दुखावलेली माणसं घासायच्या वेळी घरात नकोत. जुना रंग पक्का बसलेला असेल तर तो सगळा खरवडण्यापेक्षा वरून नवा हात देणं बरं. आजारातून उठल्यावर घर रंगवायचं आणि त्याच धुळीनं नवा आजार आणायचा, असं नको.

भिंतींचं वेगळं. माती-चुन्याच्या जुन्या भिंतींना प्लास्टिक पेंट लावला की ओल आत कोंडते आणि पोपडे सुटतात. अशा भिंतींना चुनाच बरा, त्यातून ओल बाहेर जाते. फक्त ताजा चुना डोळ्यांत आणि अंगावर उडू देऊ नका, भाजतं.

आम्ही रंगाऱ्याला बोलावलं. त्याला वरची सगळी काळजी समजावून सांगितली. घासायच्या दिवशी लेकीला आणि बाबांना मावशीकडे पाठवलं. जायच्या आधी लेकीनं त्या चौकोनाचा फोटो काढला. मला वाटलं बाबांना आवडणार नाही. ते म्हणाले, "काढ, काढ. शाळेत दाखव." रंगाऱ्यानं फटी लांबीनं बुजवल्या, अस्तराचा हात दिला. शेवटच्या हाताला बाबा खुर्ची घेऊन बसले, ब्रश मागून घेतला आणि उजवी फळी कमरेपासून खांद्यापर्यंत स्वतः रंगवली. मधे दोनदा दम लागला, थांबले. रंग तोच हिरवा. आईला तपकिरी हवा होता, पण त्या दिवशी तिनं वाद घातला नाही.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या, ओल्या रंगाला हात लागू नये म्हणून परसदारानंच. आई म्हणाली, "अहो, आता तरी पुढून या की." त्या म्हणाल्या, "रंग वाळला की येते." पाडव्याला पुढच्या दारानं आल्या, फराळाचं ताट घेऊन.

रंगानं माणूस बरा होत नाही. बाबांना अजूनही जिना चढताना थांबावं लागतं. पण घराला झालेला आजार माणसाच्या आजाराइतकाच खरा असतो, आणि तो बरा झाला हे सांगायचा हक्क घरच्यांचा. १६६६ च्या लंडनच्या हुकमात पांढरा क्रॉससुद्धा सरकारनंच लावायचा होता. आमच्याकडे तो हात बाबांनी स्वतः दिला, म्हणून मला बरं वाटलं.

तुम्हाला एक विनंती. येत्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबांना मुलांकडूनच विचारून घ्या, त्यांच्या लहानपणी प्लेगच्या झोपड्यांबद्दल घरात काय बोलायचे, देवी आलेल्या घराच्या दारावर काय असायचं, कोविडमध्ये त्यांच्या दाराशी कोण आलं आणि कोण नाही. आपण विचारायला कचरतो, मुलं विचारतात. आणि जे सांगतील ते लिहून ठेवा. दाराला रंग द्यायचा असेल, तर आधी एक फोटो काढून ठेवा.